बन्सीच्या पायाला लागलेला चेंडू

हरणाऱ्यांचं कौतुक करणारी माणसं मला डोळ्यांसमोर नकोत. "काय सुरेख खेळलात!" असं कुणी म्हटलं की मी तोंडावर विचारायचो, "मग हरलो कशाला?"

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं, तेव्हाची, सदुसष्टच्या थंडीतली गोष्ट. आमच्या मजूर-कॅम्पाला एक मैदान होतं, खाडीकडच्या कॅम्पाला दुसरं. सिमेंट ठेवायला जागा कमी पडू लागली. साहेबांनी तोड काढली, दोन्ही कॅम्पांनी फुटबॉलचा सामना खेळावा, हरेल त्याचं मैदान जाईल. मी आमच्या कॅम्पाचा मुकादम, आणि कप्तानही मीच. दिवसभर घमेली उचलणाऱ्या माणसांना संध्याकाळी जीव मोकळा करायला तेवढीच जागा होती. ती काही झालं तरी घालवायची नव्हती.

आमची निम्मी पोरं बेटेगावकडच्या वारली पाड्यांवरची. त्यांतला सुका आमचा हुकमी एक्का. अकरावा गडी मिळेना म्हणून मी माझ्या मेव्हण्याला, बन्सीला घेतलं. परांचीवरून पडल्यापासून त्याचा गुडघा वाकत नव्हता. "याला चेंडू देऊ नका," मी सगळ्यांना बजावलं, तेही त्याच्या देखत. तो हसला. "बराबर हाय दाजी. मी आपला उभा ऱ्हातो."

सामना बरोबरीत अडकला. वेळ संपत आली तेव्हा पाड्यावरच्या देवूने कडेला बसून तारपा फुंकायला घेतला. भोपळ्याचं ते वाद्य वाजलं की पाड्यावरचे सगळे हातांत हात गुंफून वाजवणाऱ्याभोवती फेर धरतात.

आणि आमच्या पोरांचे पाय बदलले. सुकाने चेंडू जानूला दिला, जानूने आनंदाला. आनंदा साताऱ्याचा गवंडी, पण त्याचाही पाय तालात पडला. चेंडू वाटोळा फिरत पुढे सरकत होता. खाडीवाले नुसते मध्ये धावत होते. माझ्याकडे चेंडू कधी आला, कधी गेला, मला कळलं नाही. ओरडायचंच विसरलो. दोन्ही कॅम्पांची माणसं उठून उभी राहिली होती. एवढं देखणं काही माणसांच्या हातून होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

सुका गोलसमोर पोचला. त्यांचा गोली पार पलीकडे भुईवर लोळत होता.

"मार!" मी किंचाळलो.

सुका थांबला. त्याने वळून पाहिलं आणि चेंडू हळूच मागे, बन्सीकडे सोडला.

बन्सीने ताठ पाय फिरवला. चेंडू सरपटत गेला, तोवर गोली उठला होता. त्याने उचलून लांब फेकला. आमचे सगळे पुढे, मागे रान मोकळं. त्यांचा गोल झाला, शिट्टी वाजली. मैदान गेलं.

मी सुकाची गचांडी धरली. "डोकं फिरलं का तुझं?"

"बन्सी रायला हुता ना, मुकादम," तो म्हणाला. "एकाला सोडून नाच कसा पुरा व्हईल?"

मी हात सोडला. राग मात्र सोडला नाही. आजही म्हणेन, मारायलाच हवा होता.

सोमवारी आमच्या मैदानावर सिमेंटचा ट्रक आला. गोण्या उतरवणारे आम्हीच. मी चुन्याच्या फक्कीने थप्प्यांची जागा आखली, तर बन्सी पाय ओढत आडवा आला.

"दाजी, हितं नको. हितं माझ्या पायाला चेंडू लागला."

अपघातानंतर त्याचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. तोंडावर आलेली शिवी मी गिळली, आणि मला रडू आलं. फक्की पायाने पुसून मी पुन्हा आखणी केली. थप्प्या त्या जागेला वळसा घालून लागल्या.

दुपारी साहेब आले. "मुकादम, मधली जागा रिकामी का सोडली?"

"रिकामी नाही साहेब," मी म्हणालो. "तिथे आमचा गडी उभा आहे."