वाकड्या कानाचा जग

घर राहिलं तर गुनवोरचा फायदा उघड होता: तीन खोल्या, तळ्याकडची खिडकी आणि मरेपर्यंत शेजारपाजार तोच. गेलं तर जूनमध्ये बोचकी बांधून बहिणीकडे. लीसवानच्या काच कारखान्याची नोटीस टेबलावर होती. घर कारखान्याचं, कामगारांसाठी; तिथं कामाला असलेला नवरा वारला, आता ते घर ओस्लोहून येणाऱ्या नव्या डिझायनरला हवं होतं.

त्याच टेबलाशी कचेरीतला एगिल वॉफल खात बसला होता. कारखान्याला दोनशे वर्षं होत होती. इतिहास आणि प्रदर्शन, दोन्ही त्याच्या गळ्यात. आणि गंमत अशी, की चांगला माल सगळा विकला गेलेला. पहिल्या पन्नास वर्षांतली एकही वस्तू कारखान्याकडे नव्हती. जे होतं ते कामगारांच्या फडताळांत, उरल्यासुरल्या काचेतून फुंकून कोटाखाली घरी नेलेलं. गुनवोरकडचा बिअरचा जग त्यात सर्वांत जुना. बुडाशी बुडबुडा, कान डावीकडे कललेला.

"कारखान्याची भट्टी, कारखान्याची काच," एगिल म्हणाला. "म्हणजे जग कारखान्याचाच ना, मावशी?"

"दंडाची वही आणलीस?"

आणली होती. तिच्याशिवाय जगाचं वय सिद्ध होत नव्हतं.

"वाच."

"१७८९. ऑमुन, काच फुंकणारा. वाकड्या कानाचा जग घरी नेला. दंड, चार दिवसांची मजुरी."

"माझा खापरपणजा. आणि जग परत घेतल्याचं कुठे लिहिलंय?"

एगिलनं पान उलटलं. मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं.

"नाही लिहिलं."

"मग पैसे घेतले, वस्तू दिली. याला आमच्याकडे विक्री म्हणतात. कचेरीत काय म्हणतात?"

एगिल हसला. "मॅनेजर ऐकायचे नाहीत हो."

"तर प्रदर्शनातलं पहिल्या पन्नास वर्षांचं कपाट रिकामं ठेवा म्हणावं. मला घर हयातभर, लेखी. आणि जग दर नाताळला घरी येईल. बिअर काय बुटात ओतू?"

"लहानपणी तुमची सफरचंदं चोरायचो, त्याचा सूड हा."

"ती वेगळी. ती अजून बाकी आहेत."

आठवड्यात कागद आला, सहीशिक्क्यासह. डिझायनरला मॅनेजरच्या बंगल्यातली वरची खोली मिळाली, म्हणजे मॅनेजरच्या बायकोची शिवणाची खोली गेली. जगासाठी ऑमुननं चार दिवसांची मजुरी भरली होती, तीही पावणेदोनशे वर्षांपूर्वी. गुनवोरचे गेले फक्त वॉफल. पाच. एगिल मोजून तीनच म्हणतो.