कोयनेल पोटात घेतलेलं खोगीर

मी एक खोगीर बोलतोय. खापर गावाच्या अलीकडे, सरहद्दीच्या नाक्यामागे जी बिनखिडकीची कोठी आहे, तिथून. माझ्या पट्ट्याला पत्र्याचा बिल्ला बांधलाय आणि त्यावर लिहिलंय, 'मुद्देमाल'. माझी जागा खरी तट्टूच्या पाठीवर; पण गेली कित्येक वर्षं मी कोपऱ्यात भिंतीला टेकून आहे.

माझा जन्म सारंगखेड्याचा. घोड्यांच्या यात्रेत एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं. वर जाड चामडं, आत शेळीचे केस. माणसं बिनकामाच्या गोष्टीला खोगीरभरती म्हणतात. त्यांनी उघड्या पाठीच्या तट्टूवर मिठाची गोण एकदा लादून पाहावी. भरती नसेल तर जनावराचा कणा सोलून निघतो.

त्या यात्रेतून मला जामसिंगने नेलं. जामसिंग सातपुड्यातल्या पाड्यावरचा भिल्ल. उन्हाळ्यात तो तट्टू घेऊन पार समुद्राच्या खाडीपर्यंत उतरायचा आणि मीठ भरून डोंगरात परतायचा. मला घरी आणलं तेव्हा त्याची बायको फुलीबाई दारात पाखडत बसली होती. सूप खाली ठेवून तिने मला दाबून पाहिलं आणि आपल्या बोलीत म्हणाली, "तट्टूला गादी, आणि मला फाटकी गोधडी!"

"तू मिठाची गोण वाहून आण, तुलाही शिवून देतो," जामसिंग म्हणाला.

"गोण काय, तुला वाहतेच आहे की इतकी वर्षं."

तो हसला. मीही त्या घरचा झालो.

मग इंग्रज-जर्मनांची दुसरी लढाई सुरू झाली आणि समुद्राला कुलूप लागलं. होडीला परवाना, साखरेला परवाना, रॉकेलला परवाना, कापडाला परवाना. किनाऱ्यावर पहारे बसले. तरी दमणकडून, जिथे दुसऱ्याच सरकारचं राज्य होतं, होड्या येतच राहिल्या. फक्त त्या आता बंदरात न लागता खाडीच्या चिखलात लागू लागल्या. जे व्यापारी जामसिंगला ओट्यावर चढू देत नसत, ते त्याच्या तट्टूची चौकशी करू लागले. वर मीठ, मिठाखाली दुसरं काहीतरी. काय ते जामसिंग विचारत नसे. मीही ओझं पाहत असे, त्याचं नाव नाही.

पाऊस सरला आणि पाड्यावर हिवताप आला. फुलीबाई एक दिवस काम करायची, दुसऱ्या दिवशी उन्हात बसूनही थरथरायची. पुढे पुढे कामाचा दिवस येईनासा झाला. पाड्यावरच्या बडव्याने, म्हणजे भगताने, दाणे टाकून पाहिले, कोंबडं मागितलं. जामसिंगने कोंबडं दिलं आणि दवाखान्यातही जाऊन आला. तिथे सांगितलं, हिवतापावरचं कोयनेल संपलंय. जे येतं ते पलटणीसाठी राखून ठेवलंय. ज्या बेटावरून ते यायचं ते बेट जपान्यांनी घेतलं होतं.

जामसिंग पुन्हा खाडीवर उतरला. या खेपेला व्यापाऱ्याचा माल नव्हता. त्याने होडीवरच्या खलाशाला सांगितलं, मागच्या खेपांची तुझ्याकडे राहिलेली मजुरी नको, कोयनेल दे.

"अल्या, गांडो थयो?" खलाशाने गुजरातीत त्याला वेड्यात काढलं. "कोयनेल तो आजे सोनुं छे. खांड लई जा."

जामसिंगने साखरेकडे पाहिलंही नाही. तो चिखलात तसाच उभा राहिला. शेवटी खलाशाने आत जाऊन गोळ्यांच्या काही चपट्या डब्या आणून दिल्या. जामसिंगने माझी शिवण उसवली, शेळीचे केस उपसले, तिथे डब्या बसवल्या आणि पुन्हा टाके घातले. परतीच्या वाटेवर दर पावलाला त्या माझ्या पोटात हलत होत्या. आजवर मी पाठीवरचं ओझं वाहिलं होतं. हे पोटातलं होतं.

सरहद्दीवर सागाखाली शेंदूर फासलेला दगड आहे. तो शिवेचा देव. दूरच्या वाटेवरून परतणारा माणूस त्याला मोहाच्या दारूची धार दिल्याशिवाय शीव ओलांडत नाही. जामसिंगच्या बापाने दिली, आज्याने दिली. लढाईत सरकारने नाका उभारला तो नेमका त्या दगडापासून हाकेच्या अंतरावर. दुसरा कुणी असता तर त्या दिवशी मान खाली घालून पुढे गेला असता. पण जामसिंगच्या घरात बाई आजारी होती. अशा वेळी देवाला चुकवून कसं जायचं? त्याने कमरेची बाटली काढली, दगडावर धार धरली आणि राहिलेले थेंब माझ्यावर शिंपडले, म्हणजे देवाची नजर डब्यांवर राहील.

नाक्यावरच्या सुपडू जमादाराला माझ्या अंगचा दारूचा वास आला.

"काय रे, दारू कथाईन लयना?"

"देवले दिन्ही, जमादारदादा."

"तुन्हा देवले दुसरी जागा नही भेटनी का? सरकारना नाकासमोरच पेस तो?"

शिपाई हसले. मिठाच्या गोण्या ओतून झाल्या, त्यात काहीच नव्हतं. बिनपरवान्याच्या दारूपायी जामसिंग कोठडीत गेला, तट्टू खुंट्याला आणि मी या कोठीत. कोठडी आणि कोठी यांच्यात एकच भिंत. पलीकडे तो भिंतीला डोकं टेकून बसायचा. दारूची शिक्षा थोडी होती. डब्यांबद्दल बोलला असता तर लढाईच्या कायद्याखाली वर्षानुवर्षं आत गेला असता. गप्प राहिला तर औषध माझ्यात कुजणार होतं.

मग त्याची आई रूपलीबाई डोंगर उतरून आली. "फुली पाणीही धरत नाही," एवढंच तिने सांगितलं.

जामसिंगने जमादाराला हाक मारली. "दादा, खोगीर उसव. त्यामा कोयनेल शे. माले जेलमा टाक, पण एक डबी मन्ही मायजोडे दे."

सुपडूने चाकू काढला, मग थांबला आणि समोरच्या दुकानांतून दोन पंच बोलावून आणले. पंचांशिवाय जप्तीच्या मालाला हात लावायचा नाही, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. भिल्लाच्या बोलण्यावर त्याचा विश्वासही नसावा. आत दारूच निघेल असं त्याला वाटलं असेल. माझी शिवण फाटली आणि डब्या टेबलावर आल्या.

रूपलीबाईने पदर पसरला. "एक दे रे, बाबा."

सुपडूने डबी उचलली. त्याचा हात तिच्या पदरापर्यंत गेला. पंच पाहत होते. हात मागे आला.

"पंच उभा शेतस, माय. आते हाई मन्हं नही, सरकारनं शे."

तो एकटा असता तर त्याने दिली असती, असं मला अजून वाटतं. त्याने लाख वितळवली, डब्यांच्या पेटीवर शिक्का मारला आणि नंतर धावत जाऊन घरातलं तापावरचं काडेचिराईत पुडीत बांधून म्हातारीला दिलं. वरच्या साहेबांना लिहून डबी देण्याची परवानगी मागवली. ती आली नाही. फुलीबाई गेली. कोठडीत बातमी आली तेव्हा भिंतीपलीकडून नखांनी माती खरवडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

जामसिंगला धुळ्याच्या तुरुंगात नेलं. तट्टू लिलावात गेलं. लढाई संपली, सुपडूची बदली झाली. जाण्याआधी तो आत आला, पेटीवरच्या लाखेवर अंगठा टेकवून उभा राहिला आणि कुलूप लावून गेला. किल्ली एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पेटी माझ्या शेजारीच आहे. हुकूम आलेला नाही.

माझं म्हणाल तर माझी आशा संपली आहे. फाटल्या शिवणीत उंदरांनी घर केलंय, आता कुठल्या पाठीला मी चालणार नाही. मला चुलीत घाला, माझी तक्रार नाही. पण यंदाही पाऊस सरलाय. आत्ता या भिंतीबाहेर, ओट्यावर, कुणीतरी डोंगरातली बाई नंदुरबारकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसली आहे. तिच्या मांडीवर लेकरू आहे आणि त्याचे दात वाजताहेत. मला ते ऐकू येतं. गोळ्यांत अजून गुण आहे की नाही, मला ठाऊक नाही. कुणी उघडून पाहिलेलंच नाही.

किल्ली नव्या जमादाराच्या करदोट्याला असते. तो समोर चहा पितोय. त्याला हाक मारा. आणि येताना पंच आणू नका.