माउलीच्या नावाने

फाटकातच जयसिंगराव तुरुंगाधिकाऱ्यांनी आनंदीबाईंना दोन्ही हात जोडले. एरवी हे गृहस्थ नमस्काराला नुसती मान हलवायचे. आज चक्क गहिवरलेले!

“जिंकलंत, बाई! तुमच्या त्या आफ्रिकेतल्या शिष्यानं सुतारकामाची सगळी कमाई माउलींना वाहिली. आळंदीला देणगी. मी शिफारससुद्धा करून टाकली. उद्या चेक निघेल.”

दर एकादशीला तुरुंगात कीर्तन करणाऱ्या आनंदीबाईंना खरं तर धन्य वाटायला हवं होतं. पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. टांझानियाचा बराका पहिल्या रांगेत टाळ धरून बसायचा, अभंगात अगदी रंगून जायचा, सगळं खरं. पण तो रंधा मारत होता तो तिकडे आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हावं म्हणून. हे त्यानं त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं.

“अर्जात आळंदी लिहिलंय का?”

“‘माझी कमाई माउलीला पाठवा’ असं लिहिलंय. आता रोज आळंदी रस्त्यावरच्या विश्रांतवाडीहून येणाऱ्या माणसाला माउली कोण ते तुम्ही शिकवणार?”

आनंदीबाई तडक आत गेल्या. बराका सतरंज्या अंथरत होता. त्यांना पाहताच धावत आला.

“ताई, पैसे गेले? माउलीला डोळे मिळणार?”

“कुठल्या माउलीला रे?”

“माझ्या! तिकडे टांगा नावाच्या गावात आहे ती. तुम्हीच कीर्तनात सांगितलं ना, आईला फार जीव लावून हाक मारायची तर म्हणायचं माउली.”

आनंदीबाईंनी कपाळावर हात मारला, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की पेटीवाला सूर धरायचा थांबला. निरूपण त्यांचं, शब्द त्यांचा, आणि पोरानं तो किती नेमका झेलला होता!

बराकाला घेऊनच त्या जयसिंगरावांच्या कचेरीत आल्या. “साहेब, चेक थांबवा. ही माउली टांझानियात राहते.”

सगळा प्रकार ऐकून जयसिंगराव खुर्चीत मागे टेकले. “देशाबाहेर? अहो, इथले बंदी घरी मनीऑर्डर करतात. परदेशात पैसे पाठवा म्हणून माझ्याकडे आजवर कुणी अर्ज केलेला नाही.”

“केलेला नाही की करता येत नाही?”

“तुम्ही कीर्तनकार की वकील?”

“दोघांनाही उभं राहूनच बोलावं लागतं. मनाई कुठं लिहिलीय, एवढं दाखवा. दिसली की गप्प बसते.”

जयसिंगरावांनी नियमांचं पुस्तक उघडलं, चाळलं, चष्मा पुसून पुन्हा चाळलं. सरळ मनाई कुठं सापडेना. “वरून परवानगी लागेल. त्याच्या वकिलातीला पत्र, बँकेचे सोपस्कार... वेळ जाईल.”

“जाऊ दे. पैसे तोवर याच्याच खात्यावर राहतील ना? मग झालं तर. आज कीर्तन उशिरा. आधी अर्ज.”

बराका लिहायला बसला. या खेपेला त्यानं ‘आई’ लिहिलं, पुढे नाव लिहिलं, नीमा, आणि सगळा पत्ता. जयसिंगरावांनी तो दोनदा वाचून घेतला, आधीच्या शिफारशीवर काट मारली आणि नवी शिफारस स्वतःच्या हातानं लिहिली. “देवाच्या दारचे पैसे परत फिरवतोय,” ते पुटपुटले.

“फिरवत नाही हो, पोहोचवताय.”

वर पत्रं गेली, खाली प्रश्न आले. जयसिंगरावांनी फोन करकरून वकिलातीतल्या बाईंना पार भंडावून सोडलं. दोन एकादश्या अशाच गेल्या. तिसऱ्या एकादशीला आनंदीबाई फाटकात शिरतात तोच ते सामोरे आले.

“आली परवानगी. पैसे पोहोचले. काल त्याला घरी फोन लावून दिला.”

“काय म्हणाली आई?”

“मला काय कळतंय त्यांची भाषा! पण तो रडत होता आणि हसतही होता, म्हणजे ऑपरेशनची तारीख मिळाली असणार. आणि बाई, हे सगळं तुम्हीच निस्तरा. नेपाळचा एक आणि घानाचे दोघं सकाळपासून अर्ज घेऊन माझ्या दारात बसलेत.”

“बसू देत,” आनंदीबाई पदर खोचत म्हणाल्या. “नावं नीट लिहिलीत ना, तेवढं बघते.”