कृष्णविवरांच्या जागी नेते

शी! मी एक फ्लेक्स बोलतोय. राहवत नाही, म्हणून बोलतोय.

जन्म रिसोडच्या एका छपाईच्या दुकानात. किन्हीराजा गावच्या सायलीनं चित्र पाठवलं होतं, एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन कृष्णविवरांचं. म्हणजे नुसते दोन काळे गोल. दुकानदाराला वाटलं, पोरगी फोटो टाकायला विसरली! शहाण्यानं एकात तालुक्याचे पुढारी रामराव चिकटवले, दुसऱ्यात त्यांचे जुने विरोधक हेमसिंग. गेल्या निवडणुकीत एकमेकांची आईमाई काढणारे हे दोघे आता एकाच पक्षात, माझ्या अंगावर हात जोडून. स्वतःचीच किळस आली मला.

सायली पुण्यात याच विवरांवर संशोधन करते. पण मिरची-वांगी पिकवणाऱ्या तिच्या बापानं, जगदेवनं, बजावलं होतं, "गावात येऊन मले समजावून सांग. नाही समजलं तं शिक्षण बंद, लगन."

शाळेच्या पटांगणात गावासमोर मला उलगडलं आणि सायलीचं तोंड उतरलं. दुसरा फ्लेक्स आणायला वेळ कुठला? तिनं मार्कर काढला आणि दोघांच्या कपाळातून बाण ओढले. एक सरळ, एक तिरपा.

"हे विवरं सोताभोवतीबी फिरून राह्यले. बाण म्हणजे त्यायचा आस. दोघं एकमेकात मिसळले की अवकाश थरथरते. ते थरथर आमी यंत्रात पकडतो, तिच्या चढउतारावरून गिरकी मोजतो. दोघायचे बाण सरळ असले तं जोडी बहुतेक जन्मापासूनची. वाकडे असले तं बहुतेक गर्दीत मागून भेटलेले."

"मंग हे दोघं मागूनच भेटले न वं!" शेजारची गोजराबाई ओरडली. पटांगण हसून लोळलं. जगदेव तेवढा हसला नाही.

"किती दुरून आली हे थरथर?"

"तिले इथवर याले शंभर कोटी वर्षं लागले, बाबा."

"आन् तरी वाकडेपना समजते?"

"समजते. किती चुकू शकतो, तेबी सांगतो आमी."

तेवढ्यात कार्यकर्ते धावत आले. "साहेबांच्या तोंडावर रेघोट्या? पूस आधी, माफी माग!"

काय ही माणसं! सायलीचा हात माझ्याकडे आला. जगदेवनं उठून तो धरला.

"पुसू नको, पोरी. मोजेल हाये ते."

कार्यकर्त्यांनी मला ओढून फाडलं. माझा अर्धा तुकडा आता जगदेवच्या अंगणात पडलाय. रामरावांच्या नाकावर मिरच्या वाळतात. माझं काहीही करा, मंडळी, पण पुढच्या जन्मी माझ्यावर कुणाचं तोंड छापू नका.

त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी सायली पुण्याला निघाली. तिची बॅग जगदेवच्या डोक्यावर होती.