चारशे सतरा नंबरचा बर्फ

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मरोळच्या त्या पबमध्ये टेबल मिळायला नशीब लागतं. आजूबाजूच्या ऑफिसांतली माणसं गळ्यातली आयकार्डंही न काढता आत घुसत होती. रुचिराला यायचंच नव्हतं. पण लॅबचे प्रमुख नंदकुमार सर म्हणाले, "रुसून बसू नकोस गं, चल," आणि लॅबमधला हर्षद तिची बॅग उचलून चालायलाच लागला.

रुसायला कारण होतं. त्यांच्या लॅबमध्ये नमुना येतो तो नुसत्या नंबराने. तपासणाऱ्याने कुणाची गय करू नये, कुणावर राग काढू नये, म्हणून माल कुणाचा ते फक्त सरांच्या वहीत. सोमवारी रुचिराकडे चारशे सतरा आला. खायचा बर्फ. बुधवारी प्लेटवर सांडपाण्यातले जंतू उगवले, मोजून सदतीस ठिपके. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हात धुतले होतेस ना? की वडापाव खाऊन तशीच बसलीस?" सगळे हसले. मग सरांनी स्वतः दुसरा नमुना आणला. तो स्वच्छ निघाला आणि आज दुपारी तिने 'खाण्यास योग्य' या शब्दांखाली सही केली. दोन दिवस ती हातमोज्यांपासून बर्नरपर्यंत स्वतःची चूक शोधत होती. सापडत नव्हती.

पन्नाशीचे वेटर कुंडलिक बर्फाची बादली घेऊन तिसऱ्यांदा आले. "मशीन मंगळवारपासून बंद आहे, साहेब. मागच्या गल्लीतल्या कारखान्यातून मागवतो. पण बघा, काचेसारखा बर्फ!" हर्षदच्या ग्लासात तीन खडे पडले, रुचिराच्या लिंबूसोड्यात दोन. चिमटा सरांकडे वळला तसा सरांनी याही वेळी ग्लासावर तळहात ठेवला.

"मला नको. घसा धरलाय. सोडा मात्र फ्रिजमधला आण, एकदम चिल्ड."

रुचिराने वर पाहिलं. तीन वर्षं ती बघत होती, सरांच्या ग्लासात आधी बर्फ पडायचा, मग व्हिस्की.

"सर, चिल्ड सोडा चालतो आणि बर्फ चालत नाही, असा कुठला घसा?"

"तू पार्टीला आलीयस की प्रॅक्टिकलला?"

हर्षद हसला. तोंडातला बर्फ करकर चावत होता.

"चारशे सतरा याच कारखान्याचा ना?"

"नंबर कुणाचा ते विचारायचं नसतं, रुचिरा. नियम आहे."

"मी विचारत नाहीये. तुमच्या हाताने सांगितलं."

हर्षदचा जबडा थांबला. खडा त्याने टिश्यूत थुंकला. "सर? अहो, मी दोन ग्लास मारलेत यार!"

सर पुढे वाकले. आवाज एकदम मऊ. "जुनी पार्टी आहे. टाकी धुवून घेणारेत ते. रिपोर्ट गेलाय आणि खाली सही तुझी आहे. बोंब मारलीस तर वाट तुझी लागेल, माझी नाही."

रुचिराचे कान तापले. दोन दिवस तिने स्वतःचे हात नाकाशी धरून हुंगले होते. आणि या माणसाला सोमवारपासून ठाऊक होतं कुणाचा माल, बुधवारपासून ठाऊक होतं काय निघालं, आणि दुसरा नमुना त्याने भलतीकडचाच आणला होता.

"स्वतःचा ग्लास झाकलात," ती म्हणाली. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "आमचे का नाही झाकलेत?"

सरांनी मेनूकार्ड उचललं.

सकाळी ती पाण्याचे नमुने घ्यायला गेली होती, त्यासाठी नेलेल्यांपैकी एक निर्जंतुक बाटली बॅगेत उरली होती. तिने ती काढली. "काका, बादली जरा तिरकी धरा." झाकण उघडून, तोंडाला बोट न लावता, तिने बाटली बर्फाने भरली. लेबलावर नंबराची चौकट होती. ती तिने आडवी काट मारून खोडली आणि वर लिहिलं, 'मागच्या गल्लीतला बर्फाचा कारखाना'. खाली पबचं नाव, वेळ, स्वतःचं नाव.

"हर्षद, साक्षीदार म्हणून सही कर."

"सरांसमोर?"

"मग काय, त्यांच्या पाठीमागे करतोस?"

हर्षदने सरांकडे पाहिलं, मग आपल्या ग्लासाकडे. पेन घेतलं.

"कुठे नेतेयस ते?" सर ओरडले. घसा अगदी ठणठणीत.

"दुसऱ्या लॅबला. आणि माझी सही मागे घेतल्याचा मेल आत्ताच जाईल, त्या लॅबला, कारखान्याला आणि तुम्हालाही." तिने बॅग खांद्याला लावली.

कुंडलिक बादली धरून तसेच उभे होते. "मॅडम, याचं काय करू?"

"मोरीत ओता, काका. आणि आधी त्या टेबलांवरचे ग्लास उचला."