पिशवी कोणाची

वेतुरियानं आगगाडीच्या खिडकीची काच दोन्ही हातांनी धरून खाली ओढली. काच निम्म्यापर्यंत आली आणि तिथंच हट्टानं अडून बसली. एप्रिलचा गार वारा आत घुसला. समोरच्या बाकावरच्या बाईनं मांडीवरचं बाळ छातीशी घट्ट धरलं.

"मावशी, जरा वर घेता का? सर्दी झालीय याला."

वेतुरिया काही बोलणार, तेवढ्यात दाराशी बसलेला कोर्नेल बर्सान म्हणाला, "राहू द्या उघडी. वास येतोय." आणि त्यानं त्या बाळाकडे असं पाहिलं, की जणू ते बिनतिकीट चढलं होतं.

वास येत होता खरा. वेतुरियाला तो सगळ्यांच्या आधी आला होता. कुठून येतोय हेही तिला ठाऊक होतं. तिच्या शेजारी तिचा नवरा तेओफिल गुडघ्यांवर हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखा ताठ बसला होता आणि बाहेरची नदी बघत होता. तिनं त्याच्या मांडीवरची घोंगडी ओढून दोन्ही बाजूंनी घट्ट खोचली. हात मागे घेताना तिच्या बोटांना ओल लागली. तिनं मूठ मिटली आणि ती कोटाच्या खिशात घातली.

बर्सान फरश्या विकणारा माणूस होता. पायाशी नमुन्यांची पेटी घेऊन तो क्लुजहून सुचावाला निघाला होता. गाडी सुटल्या सुटल्या त्यानं हे सगळ्यांना सांगितलं होतं. नंतर त्या तरुण बाईनं, इलिंकानं, बाकावर दुपटं पसरून बाळाचा डायपर बदलला, तेव्हा त्याचा आवाज चढला होता.

"बाई, हा बसायचा बाक आहे. दवाखान्यातलं टेबल नाही. माणसं इथं जेवतात."

"संडासात ठेवू कुठं याला, साहेब? बेसिन मुठीएवढं, खाली नुसता चिखल."

"मग घरी बसावं माणसानं!" आणि तो वेतुरियाकडे वळला होता. "बरोबर ना, मावशी? तुमच्या वेळी होतं का असलं काही?"

तेव्हा तेओफिल कोरडा होता, शहाण्यासारखा बसला होता, प्रत्येक स्टेशनाचं नाव पाटी यायच्या आधी सांगत होता. वेतुरिया पाठ ताठ करून म्हणाली होती, "आमच्या वेळी लोक दुसऱ्याचा विचार करायचे."

इलिंकाचे कान लाल झाले होते. डायपर पिशवीत बांधून ती बाहेर गेली आणि तशीच परत आली. संडासातली टोपली भरून वाहत होती आणि टीसीनं वर दम दिला होता, रुळांवर टाकाल तर दंड करीन म्हणून. पिशवी तिनं बाकाखाली सरकवली. तेव्हापासून बर्सान त्या पिशवीकडे अधूनमधून बघत होता, तिथं कुणाचं तरी चावरं कुत्रं बसलेलं असावं तसा.

आता त्यानं मांडीवर कागद पसरून पावाला वांग्या-मिरच्यांची चटणी लावली होती. ईस्टरच्या आधीचा, दूध-मांस वर्ज्य असलेला उपास होता त्याचा. पाव तोंडापर्यंत गेला आणि थांबला.

"बाई, तुमच्या पोरानं पुन्हा केलंय."

वेतुरियाच्या पिशवीत फोन वाजला. तिनं तो लगेच उचलला, बोलायला काहीतरी मिळालं म्हणून.

"आई, कुठवर आलात?" याश शहरातून तिचा मुलगा सोरिन विचारत होता. "बाबा कसे आहेत?"

"मजेत आहोत. नद्यांची नावं सांगतोय मला."

"काही त्रास?"

"कसला त्रास? दोन म्हातारी माणसं गाडीत बसलीयत, झालं."

तिनं फोन परत पिशवीत ठेवला. सोरिननं डोंगराकडच्या एका संस्थेत बापासाठी जागा बघून ठेवली होती. नर्स आहेत, बाग आहे, आई, तुला एकटीला आता झेपत नाही. हे तो हिवाळाभर फोनवर सांगत होता. शेवटी तीच म्हणाली होती, ईस्टरला आम्ही येतो. तू गाडी घेऊन येऊ नकोस. आम्ही दोघं ट्रेननं येतो, आणि मग बघ आपल्या डोळ्यांनी, झेपतं का नाही ते.

बेक्लिआन स्टेशन सुटल्यावर तिनं तेओफिलला संडासाकडे नेऊनही पाहिलं होतं. दारातच त्यानं दोन्ही हातांनी चौकट धरली. खालून चाकांचा आवाज येत होता, पाणी हिंदकळत होतं. "मी नाही आत जाणार," तो म्हणाला, "बुडेन मी." मागे कुणीतरी जिभेनं चुकचुकलं. ती त्याला परत घेऊन आली. वाटलं होतं, निभेल.

"ऐकू येतंय का?" बर्सान म्हणाला. "सकाळी एकदा झालं, सोडून दिलं. आता घास घशाखाली उतरत नाहीये माझ्या."

इलिंकानं बाळाला उचलून त्याच्या ढुंगणाशी नाक नेलं. मग एक बोट डायपरच्या कडेतून आत घालून पाहिलं. तिच्या कपाळावर आठी आली. "अहो, यानं तर..." असं म्हणून तिनं मान वर केली.

वेतुरिया खिडकीबाहेर बघत होती. मानेची शीर ताठ झाली होती. एक हात खिशात होता आणि दुसरा घोंगडीची कड पुन्हा पुन्हा खाली दाबत होता. घोंगडीवर सुरकुती नव्हती, तरी दाबत होता.

आता ती बोलणार. वेतुरिया वाट बघत राहिली. बोगद्यात शिरताना कानात दडे बसतात तसं तिला झालं.

"हो," इलिंका म्हणाली. "यानंच केलंय. चांगलं भरून केलंय."

"मी म्हटलं नव्हतं?"

"साहेब, तुम्ही जरा बाहेर उभे राहता का? पटकन बदलते. तुम्हाला बघायलाही नको."

"मीच का? हे आजोबा नाहीत का पुरुष?"

"हलत्या गाडीत काका कुठं उभे राहतील? बसू द्या त्यांना."

बर्सान पाव कागदात गुंडाळून, पुटपुटत बाहेर गेला. इलिंकानं दार सरकवलं, पडदे ओढले, आपल्या झोळीचा पट्टा दाराच्या मुठीला गुंडाळून बाकाच्या दांडीला आवळला. मग ती वळली. दोघी एकमेकींसमोर उभ्या होत्या. वयाच्या हिशेबानं आजी आणि नात शोभल्या असत्या.

"माझं कोरडं आहे, मावशी," ती अगदी हळू म्हणाली. "मी तिकडे तोंड करून उभी राहते. सामान आहे ना तुमच्याजवळ?"

वेतुरियानं नुसती मान हलवली. आभार मानायला तोंड उघडलं असतं, तर भलतंच काहीतरी बाहेर पडलं असतं.

क्लुजच्या नाटकघरात तिची हयात नटांना कपडे चढवण्यात गेली होती. विंगेत, काळोखात, पुढचं वाक्य यायच्या आत सेनापतीचा भिकारी करायचा आणि भिकाऱ्याचा नवरदेव. पण नट हात उचलायचे, पाय पुढे करायचे. तेओफिलनं पट्ट्याला हात लागताच तिचं मनगट पकडलं.

"हे काय करतेस? लोक आहेत."

"कुणी नाही रे. ऊठ. वरची दांडी धर."

"ती बाई आहे ना. मला लाज वाटते."

कितीतरी महिन्यांत त्यानं असं नेमकं काही बोललेलं तिला आठवत नव्हतं. लाज अजून शाबूत होती त्याची. हे कळल्यावर तिचे हातच थांबले.

पाठमोऱ्या इलिंकानं बाळाला खांद्यावर थोपटत विचारलं, "काका, ही बाहेरची नदी कुठली हो?"

तेओफिलनं मान वळवली. भूगोलाच्या मास्तरांना कुणीतरी प्रश्न विचारला होता.

"ही दोर्ना."

"आणि ती कुठं जाते?"

"बिस्त्रित्सेला मिळते," तो म्हणाला आणि नीट उत्तर द्यायचं म्हणून उठून उभा राहिला. त्यानं दांडी धरली. "पाटी पुसा आधी. बिस्त्रित्सा मग खाली दक्षिणेला जाते..."

वेतुरिया खाली बसली आणि झपाझप कामाला लागली. विजार, चड्डी, डायपर. पुसणं, पुन्हा पुसणं. दारावर थाप पडली.

"झालं का? हत्तीचं पोर आहे का काय?"

"होतंय, होतंय!" इलिंका ओरडली. "हलतंय फार!"

गाडीनं वळणावर हिसका दिला. तेओफिलचा हात दांडीवरून सुटला. मागे न बघता इलिंकानं हात मागे नेला आणि त्याचा दंड पकडला. एका खांद्यावर बाळ, एका हातात म्हातारा, अशी ती पाय रोवून उभी राहिली. तेवढ्या वेळात वेतुरियानं नवा डायपर लावला, दुसरी विजार चढवली. सोबत तेवढी एकच होती. मळलेलं सगळं, पट्ट्यासकट, तिनं निळ्या पिशवीत कोंबून गाठ मारली. पिशवी चांगली पावाच्या मोठ्या लादीएवढी झाली.

इलिंका वळली. "द्या इकडे. मीच बाहेर काढते. माझ्यावर तसंही शेकलंय."

वेतुरियानं पिशवी दिली. नाही म्हणायला जागा होती, तरी दिली.

दार उघडलं. बर्सान आत आला, त्यानं हवा हुंगली आणि त्याची नजर पिशवीवर गेली.

"हे एवढ्याशा चिमणीचं? एवढं?"

"कपडेही खराब झालेत," इलिंका म्हणाली.

"आणि आता ही पण बाकाखाली? का माझ्या पेटीवर ठेवता? बाई, माझ्या बायकोनं तीन पोरं वाढवली, कुणाला पत्ता लागला नाही. तुम्ही आजकालच्या मुली जगाच्या नाकाखाली सगळं करता. कुणी शिकवलं नाही का तुम्हाला? आई नाही?"

इलिंकानं खाली पाहिलं. गळ्यापासून वर तिचा रंग बदलत गेला.  बाळानं तिची बट धरून ओढली, तरी तिनं ती सोडवली नाही.

वेतुरियाला वाटलं, आता गप्प राहिलं की झालं. वात्रा दोर्नेचं स्टेशन येईल, पिशवी जाईल, संध्याकाळी याश येईल. सोरिन फलाटावर उभा असेल आणि त्याला दोन नीटनेटकी माणसं उतरताना दिसतील. ती उठली.

"ती पिशवी माझी आहे," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या नवऱ्याची आहे. बाळाचं अंग कोरडं आहे." आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. बाहेरच्या बोळातून जाणारा एकजण थबकून पुढे गेला. "सकाळी मी या मुलीला बोलले ते चुकलं. आणि तुम्ही आता जे बोललात, ते मला बोला."

बर्सान आपल्या जागेवर बसला.

"कोणाची पिशवी?" तेओफिलनं विचारलं.

"आपली रे," वेतुरिया म्हणाली.

गाडीचा वेग कमी होत होता. तिनं इलिंकाच्या हातातून निळी पिशवी घेतली, वाकून बाकाखालची छोटी पिशवीही घेतली, आणि बर्सानच्या गुडघ्यांना ओलांडून बाहेर पडली. "पोरी, याच्याकडे बघ," एवढंच जाताना म्हणाली.

वात्रा दोर्नेच्या फलाटावरचा जवळचा कचऱ्याचा डबा फुलदाणीएवढा होता, सिगारेटी टाकण्यापुरता. मोठा डबा पार टोकाला नळापाशी दिसत होता. ती चालू लागली. पिशवी पायाला आपटत होती. बाकड्यांवरची माणसं बघत होती, तिनं बघू दिलं. झाकण उचलून दोन्ही पिशव्या आत टाकल्या, नळाखाली हात धुतले, आणि शिट्टी वाजली.

ती वळली तेव्हा दारं लागत होती. आपला डबा कुठला, हेच क्षणभर तिला कळेना. आत तेओफिल होता. तिच्यावाचून तो याशपर्यंत जाईल, त्याच्याही पुढं जाईल, कुणाला नाव सांगता येणार नाही त्याला. ती पळायला लागली. पळता येत नाही, हे पळताना लक्षात आलं.

"थांबवा! ओ टीसी! थांबवा गाडी!"

एका खिडकीतून बर्सान कमरेपर्यंत बाहेर आला होता. पाव असलेला हात तो झेंड्यासारखा हलवत होता. "बाई खाली आहेत! दिसत नाही का? आंधळे आहात का सगळे? म्हातारी बाई खाली राहिलीय!"

त्याचा तो आवाज सगळ्या फलाटाला ऐकू गेला. टीसीनं दार धरून ठेवलं, तिला दंडाला धरून वर घेतलं आणि काहीबाही बोलला. तिला ते ऐकू आलं नाही.

ती कप्प्यात आली. बर्सान जागेवर बसला होता, घामेजलेला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. नमुन्यांची पेटी मात्र पायानं बाजूला सारली, तिला आत जाता यावं म्हणून. तेओफिल इलिंकाच्या बाळाला बोटानं खिडकीबाहेरचे डोंगर दाखवत होता. बायको कुठं गेली होती, हे त्यानं विचारलं नाही. तिनं त्याच्या शेजारी बसून त्याचा हात हातात घेतला आणि श्वास खाली बसेपर्यंत तसाच धरून ठेवला.

मग तिनं स्वतःच फोन लावला.

"काय झालं?" सोरिननं लगेच विचारलं. "बाबा बरे आहेत ना?"

"बरा आहे." ती थांबली. बर्सान ऐकत होता, इलिंका ऐकत होती. तिनं आवाज खाली आणला नाही. "स्टेशनवर येशील तेव्हा तुझी एक विजार घेऊन ये. त्याच्यासाठी."



"माझी होईल का त्यांना?" सोरिननं विचारलं.

"सैल होईल," वेतुरिया म्हणाली. "येताना पट्टाही आण."