पाण्याची घंटा, सुरुंगाची घंटा

मित्रांनो, आज तुम्हाला मी भंगारातला एक गंजका तुकडा दिसेन. पण भट्टीतून निघालो तेव्हा मी आगगाडीचा रूळ होतो. दौंड-मनमाड मार्गावर माझ्या पाठीवरून कितीतरी वर्षे गाड्या धडधडत गेल्या. पुढे मला तडा गेला. मला कापून बाजूला टाकले आणि मी नगरच्या एका भंगारवाल्याकडे आलो. तिथून एका खडीच्या ठेकेदाराने मला उचलले आणि नेवासा तालुक्यातल्या आपल्या दगडखाणीवर लिंबाच्या झाडाला साखळीने टांगले. मी खाणीची घंटा झालो.

ते बहात्तर साल होते. विहिरींचे तळ दिसत होते. शेते सोडून बायामाणसे खडी फोडायला आली होती. मला वाजवायचे काम लंकाबाईकडे होते. हाडापेराने दणकट आणि जिभेची तिखट बाई. तिने घाव घातला की माझा आवाज ओढ्यापलीकडे जाई. येणारेजाणारे म्हणत, "काय खणखणीत घंटा हाय!" तेव्हा मला फार अभिमान वाटे.

पाण्याचा टँकर आला की मला घाईघाईने बडवत. बाया घागरी घेऊन खाणीच्या तोंडाशी धावत, कारण टँकर तिथेच उभा राही. सुरुंगाची वात पेटली की पुन्हा मला तसेच बडवत. तेव्हा मात्र सगळ्यांनी खाणीच्या तोंडापासून लांब, दगडी बांधाआड पळायचे असे. आवाज एकच आणि वाटा उलट्या! सुरुंगवाला मोहियोद्दीन लाल फडके हलवी, पण खडीच्या ढिगाआड बसलेल्यांना ते दिसत नसे.

एके सकाळी लंकाबाई मॅनेजर आबासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली. आबासाहेब मुकादमाचे मॅनेजर झाले होते आणि घंटेचा हा नियम त्यांनीच घालून दिला होता.

"साहेब, पान्याला आन् सुरुंगाला येकच घंटा नगं. पान्याला थांबून थांबून येकेक ठोका देते. सुरुंगाला जोडीनं, दोन-दोन. ऐकल्या ऐकल्या कळंल."

"आत्तापतूर कळलं न्हाई व्हय कुनाला?"

"बगून कळतंय, ऐकून न्हाई. हे असं चाललं तर कुनीतरी मरंल."

"मॅनेजर तू का मी? घंटा म्हंजी घंटा. बडवायची आन् गप ऱ्हायचं."

लंकाबाई गप राहणाऱ्यांतली नव्हती. पुढच्या खेपेला ती मोहियोद्दीनला घेऊन गेली. "बाई खरं बोलती साहेब," तो म्हणाला, "वात लावताना माजा जीव टांगनीला लागतो." आबासाहेबांनी दोघांनाही चारचौघांत वाट्टेल ते बोलून हाकलले.

त्यानंतर काही दिवसांनी ते घडलेच. लंकाबाईची धाकटी जाऊ कडूबाई ढिगाआड खडी फोडत होती. माझा आवाज आला. पाणी आले असे समजून ती घागर घेऊन खाणीच्या तोंडाकडे धावली आणि सुरुंग उडाला. दगडाने तिचा गुडघा फोडला. नगरला नेऊन पाय कापावा लागला.

आबासाहेबांनी सगळ्यांना सांगितले, "लंकाबाईनं घंटा नीट बडवली न्हाई, म्हनून झालं."

मित्रांनो, मी नीट वाजलो होतो. ते खोटे ऐकून मी उन्हाने तापलो नसेन इतका तापलो. लंकाबाई माझ्याजवळ आली आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "आता तू आन् मी." त्या दिवसापासून तिचा राग रोज माझ्या अंगावर उतरू लागला आणि माझ्यात मुरू लागला.

घंटेवरचा लोकांचा भरवसा उडाला. वात लावण्याआधी मोहियोद्दीन स्वतः फिरून एकेकाला सांगू लागला. एक दिवस आबासाहेब नेवाशाला गेले होते, म्हणून त्याने त्यांच्या पत्र्याच्या खोलीत डोकावले नाही. पण आबासाहेब मधेच परतले होते आणि खोलीत जाऊन पडले होते. हे फक्त लंकाबाईने पाहिले होते. टँकर सकाळपासून आला नव्हता. खाणीच्या तोंडाशी आबासाहेबांचे पिंप ठेवलेले असे. ते भरल्याशिवाय बाकी कुणाला पाणी मिळत नसे.

मोहियोद्दीनने फडके हलवले. लंकाबाईने एकदा खोलीकडे पाहिले. हाक मारली असती तर पुरे होते. तिने हातोडा उचलला आणि नियमाप्रमाणे मला बडवायला सुरुवात केली.

"आधी माजं पिंप भरा!" असे ओरडत आबासाहेब खोलीतून निघाले ते थेट खाणीच्या तोंडाकडे.

बांधावरून मोहियोद्दीनने पाहिले. "साहेब, मागं फिरा! सुरुंग हाय!"

लंकाबाईने दात आवळले आणि मला असे बडवले की त्याची हाक बुडून गेली. आणि मीही वाजलो. मित्रांनो, जीव तोडून वाजलो!

धुरळा बसला तेव्हा आबासाहेब पिंपाशी कमरेला धरून विव्हळत होते.

ठेकेदार मोटार घेऊन आला. "घंटा झाली हुती का?"

मोहियोद्दीनने लंकाबाईकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"झाली की," लंकाबाई म्हणाली. "साहेबांनी ठरवून दिली तश्शीच. इचारा त्यास्नी."

खाटेवरून आबासाहेब म्हणाले, "झाली हुती. मला वाटलं, पानी आलं."

"मग दोन येगळ्या घंटा का न्हाई ठेवल्या?"

सगळ्या माना आबासाहेबांकडे वळल्या. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याला एकेक आणि सुरुंगाला दोन-दोन ठोके सुरू झाले. काही दिवसांनी कडूबाई कुबडी घेऊन कामावर आली आणि माझ्या लिंबाच्या सावलीत खडी फोडू लागली.

"पाय गेला का त्याचा?" तिने विचारले.

"न्हाई. लंगडतोय."

"मग निम्मंच फिटलं, बाई."

आबासाहेबही परतले. पाण्याचा साधा एक ठोका पडला तरी ते दचकून खोलीचा खांब धरत. लंकाबाई मग पुढचा ठोका जरा थांबून, सावकाश देई. मला ते आवडे.

पुढे पाऊसपाणी झाले, माणसे आपापल्या शेतांवर गेली, खाण बंद पडली आणि मी इथे येऊन पडलो.

मित्रांनो, या गंजक्या लोखंडाला जपा, असे मी म्हणणार नाही. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली माणसे असतील. त्यांतले कुणी धोका सांगायला आले, तर त्याचे नीट ऐकून घ्या. हाकलून दिलेत, तर ते माणूस पुन्हा तुमच्याशी बोलायला येणार नाही. ते मुकाट्याने तुमचाच नियम पाळील.